गुरुवारचं बिननावाचं भांडं

गुरुवार, १ डिसेंबर

अंगातल्या गोळ्या काढणाऱ्या डॉक्टरने मला जिना चढायला मनाई केली आणि मनातल्या गोळ्या काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. रोज लिहा म्हणाल्या. जमेल तेवढं, पण खरं तेवढंच. मी म्हटलं, बावीस वर्षं पोलिसी रिपोर्ट लिहितोय, त्यामुळे ती सवय गेली आहे. बाई हसल्या नाहीत. बाहेरगावच्या आहेत. वर्लिन स्टँपर काही बोलला की हसायचं असतं, हे आमच्या डोंगरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

तर अथपासून. वय एकावन्न. पूर्व केंटकीतल्या एका काउंटीत शेरिफच्या हाताखाली डेप्युटी. तेरा ऑक्टोबरला, गुरुवारी, दुपारी अडीचच्या सुमारास ओढ्याकाठच्या रस्त्यावर एक गाडी भरधाव जाताना दिसली म्हणून मी ती अडवली. चालवणारा कोल्बी नेपिअर, वय सव्वीस. त्याचं लायसन्स घेतलं. तो काहीतरी म्हणाला, मी काहीतरी म्हणालो. माझ्या गाडीत बसून दंडाची पावती लिहिली. ती घेऊन परत गेलो तेव्हा त्याने खिडकीतून दोन गोळ्या झाडल्या. एक खुब्यात, दुसरी फुप्फुसाच्या खालच्या टोकात. तो पळून गेला नाही. लाकडाचा ट्रक घेऊन मागून येणाऱ्याने पाहिलं तेव्हा पिस्तूल गाडीच्या टपावर होतं आणि तो कडेच्या गवतात बसला होता. हे सगळं रिपोर्टात आहे आणि अक्षरशः अचूक आहे.

काल घरी आलो. फ्रीजमध्ये अजून बायकांनी आणलेलं जेवण आहे. आमच्याकडे घरात आजार किंवा मृत्यू आला की शेजारणी रांधून आणतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर नाव. भांडं धुवून परत द्यायचं आणि रिकामं द्यायचं नाही, हा नियम बायबलात नाही, पण त्यातल्या बऱ्याच नियमांपेक्षा जास्त पाळला जातो. ओनाइडा, म्हणजे माझी बायको, सांगत होती की त्या दिवशी साडेपाचला ती हॉस्पिटलातून माझे कपडे घ्यायला घरी आली, तोवर ओट्यावर चौदा भांडी मांडलेली होती. शिवाय वाळवलेल्या सफरचंदांचा सहा थरांचा केक. त्या केकला मुरायला दोन दिवस लागतात. आमच्या बायकांचा हात जलद आहे हे ठाऊक होतं. त्यांना भविष्यज्ञानही आहे हे नव्हतं.

रविवार, ४ डिसेंबर

चर्च सुटल्यावर ब्रदर एस्टिल आले. आमचे धर्मोपदेशक, आठवडाभर कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करतात आणि रविवारी आम्हाला. माझा हात धरून बराच वेळ प्रार्थना केली आणि मग विचारलं, त्या पोराला क्षमा केलीस का? मी म्हटलं, केली. ते चकित झाले. एवढ्या लवकर क्षमा करणारा त्यांना या खोऱ्यात अजून भेटला नव्हता.

त्यांना जेवायची घाई होती आणि मला झोपायची. शिवाय ज्याच्यावर गोळी झाडली गेली त्याने क्षमा करणं ही गोष्ट दिसायला फार शोभिवंत आहे.

गुरुवार, १५ डिसेंबर

आज चारच्या सुमारास व्हरांड्याच्या पायरीवर एक भांडं सापडलं. निळ्या काठाचं, झाकण फडक्याने बांधलेलं, अजून गरम. आत वाळवलेल्या शेंगा डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवलेल्या. दोऱ्यात ओवून माळ्यावर सुकवलेल्या शेंगा. हल्ली एवढा खटाटोप कोणी करत नाही. भांडं उलटं करून पाहिलं. बुडाला चिकटपट्टी नव्हती.

नाव नसलेलं भांडं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. परत कोणाला करायचं? आणि जे परत करता येत नाही ते कोणी कशासाठी देईल? व्हर्जिल भेटायला आला होता. माझ्याबरोबर अकरा वर्षं गस्त घालणारा डेप्युटी, कल्पनाशक्ती कमी, पण जेवढी आहे तेवढी सगळी वाईट. म्हणाला, नेपिअरांकडे उंदराचं औषध पोत्याने असतं.

खबरदारी म्हणून पहिला घास आमच्या शिकारी कुत्र्याला घातला. त्याचं नाव जज. तासभर त्याच्याकडे बघत बसलो. तो माझ्याकडे बघत बसला, अपील केल्यासारखा. तेवढ्यात ओनाइडा आली आणि उभ्या उभ्या वाटीभर शेंगा खाऊन गेली. मी म्हटलं, अगं, कोणाचं आहे ते तरी ठाऊक आहे का? ती म्हणाली, "ज्याचं असेल त्याचं असेल. रांधणाऱ्याने मीठ नीट घातलंय."

मंगळवार, २० डिसेंबर

ते निळ्या काठाचं भांडं ओट्यावर नाही. ओनाइडा म्हणाली कपाटात ठेवलं. कपाटात नाही. काल तिने दोनदा मक्याचा पाव भाजला. आम्ही खाल्ला एकच. गोळी लागलेल्या नवऱ्याची सेवा करून बायकोची स्मरणशक्ती जात असावी.

गुरुवार, २२ डिसेंबर

पुन्हा भांडं. तेच, निळ्या काठाचं. कोंबडीचा रस्सा आणि त्यात पिठाचे गोळे. जज अद्याप हयात आहे. वजन वाढलं आहे.

पण आज भांड्याच्या आधी मी गाडी पाहिली. गंजक्या रंगाची पिकअप, हळूहळू आमच्या फाटकापर्यंत येऊन थांबली आणि मग निघून गेली. ती हार्गिस नेपिअरची आहे. हार्गिस हा कोल्बीचा चुलता. हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे, शब्द मोजून आठवड्याला सात. व्हर्जिलने खबर आणली आहे की न्हाव्याच्या दुकानात हार्गिस म्हणाला, "हे अजून संपलेलं नाही." बाकी त्या आठवड्यात तो काही बोलला नाही, म्हणजे सातांपैकी चार शब्द त्याने माझ्यावर खर्च केले.

गुरुवार, ५ जानेवारी

बसायची खुर्ची खिडकीशी सरकवली. तिथून फाटक दिसतं. मांडीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्राखाली पिस्तूल. ओनाइडाने पेपर उचलला, पिस्तूल पाहिलं, पेपर परत तसाच ठेवला. बोलली काही नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं, फक्त अर्थ लागत नाही.

डॉक्टरीणबाई विचारतात, कोल्बी तुम्हाला काय म्हणाला? मी सांगितलं, घाईत आहे म्हणाला. आणि तुम्ही काय म्हणालात? मी म्हटलं, बाई, सगळेच घाईत असतात. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मला त्यांच्या वहीत काय आहे ते वाचायला आवडेल. माझ्या वहीत फारसं काही नाही.

मंगळवार, १७ जानेवारी

सरकारी वकील येऊन गेले. कोल्बीने गुन्हा कबूल केला आहे, म्हणजे खटला चालणार नाही. बारा एप्रिलला जज्जसाहेब फक्त शिक्षा सुनावतील. त्याआधी मला उभं राहून माझं म्हणणं सांगता येईल. वकिलांना वीस वर्षं हवी आहेत. म्हणाले, तुम्ही काठी टेकत पुढे आलात की निम्मं काम झालं.

मी विचारलं, पोरगा स्वतःच्या बचावात काय म्हणतो? काहीच नाही म्हणाले. आपल्या वकिलालाही काही सांगत नाही, नुसता बसून राहतो.

बरं झालं.

हे 'बरं झालं' मी का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, कारण बाईंनी खोडू नका म्हणून सांगितलं आहे.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

तपासणीहून परत येताना गाडी ओनाइडा चालवत होती. पुलाजवळ समोरून एक प्रेतयात्रा आली. पुढे काळी गाडी, मागे पंचवीस-तीस गाड्या, सगळ्यांचे दिवे भर दुपारी लागलेले. दिवे लागलेली गाडी यात्रेतली, तिला कोणी अडवायचं नाही, कोणी मध्ये घुसायचं नाही, लाल सिग्नलही तिच्यासाठी नाही. समोरून येणाराही गाडी कडेला घेऊन थांबतो, मग मेलेला ओळखीचा असो वा नसो. तशी ओनाइडाने घेतली.

मी म्हटलं, चल पुढे. ती म्हणाली, वर्लिन, यात्रा आहे. मी म्हटलं, मला दिसतंय, चल पुढे. ती हलली नाही. मला दरदरून घाम फुटला आणि श्वास लागला. फुप्फुसाचं असेल, थंडीत होईल असं डॉक्टर म्हणालेच होते. शेवटची गाडी बरीच मागे पडली होती, ती इतरांना गाठायला जोरात आली. ओनाइडा तिच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

घरी आलो तर पायरीवर भांडं. आज मी ते जजला दिलं नाही आणि स्वतःही खाल्लं नाही. नुसतं पाहत बसलो, गार होईपर्यंत.

गुरुवार, १ मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

चारला पिकअप आली आणि या वेळी पुढे गेली नाही. इंजिन चालू ठेवून फाटकाशी उभी राहिली. मग पायरीवर पावलं वाजली. मी उठलो, पिस्तूल घेतलं आणि जाळीच्या दारातून नेम धरला. बोट चापावर होतं. चापाच्या बाजूला नव्हे, चापावर. बावीस वर्षं मी नव्या पोरांना हा फरक शिकवत आलो.

जाळीपलीकडे एक म्हातारी होती. पुरुषाचा कोट, डोक्याला रुमाल, दोन्ही हातांत भांडं. डेल्फी नेपिअर. कोल्बीची आई. या खोऱ्यात सगळे तिला डेल्फी मावशी म्हणतात. ती पिस्तुलाकडे पाहून जराही दचकली नाही, फक्त दमल्यासारखी झाली.

"वर्लिन, हात वर करायला लावू नकोस," ती म्हणाली. "रस्सा गरम आहे."

माझ्या मागून ओनाइडा म्हणाली, "आत या मावशी," आणि मला बाजूला सारून तिने दार उघडलं, जणू दर गुरुवारी उघडते. आणि एका अर्थी उघडतच होती. सगळं मग तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कळलं. पहिल्याच गुरुवारी ओनाइडाने तिला खिडकीतून पाहिलं होतं. दर सोमवारी ती ते भांडं धुवून, पाव नाहीतर मुरंबा भरून, डोंगरापलीकडे पोचतं करत होती. मावशी अलीकडच्या वळणावर उतरून कुंपणाच्या कडेने पायरीशी यायची आणि हार्गिस फक्त गाडी चालवत होता, कारण तिला घाटातला रस्ता नीट दिसत नाही. मी गुन्हे तपासणारा माणूस. माझ्या घरात अडीच महिने हे चाललं होतं.

मी विचारलं, मावशी, नाव का नाही लिहिलं? ती म्हणाली, नाव पाहून तू खाल्लं असतंस का?

मग तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत उतरवून ठेवतो.

"तेरा ऑक्टोबरला माझ्या लॉनीला पुरलं. कोल्बीचा थोरला भाऊ. गोळ्या खाऊन गेला, औषधाच्या. चर्चमधल्या बायकांनी आमच्याकडे मूठमातीनंतरचं जेवण केलं होतं, चौदा भांडी आणि केक. आम्ही टेकडीवरून खाली आलो तोवर बातमी पसरली होती. बायकांनी भांडी उचलली आणि तुझ्याकडे आणली. आमच्याकडे नुसतं टेबल राहिलं. पहिलं भांडं मी तुला बरं वाटावं म्हणून नाही आणलं. तुझ्या घशात अडकावं म्हणून आणलं. मग तुझ्या बायकोने ते भरून परत दिलं. रिकामं दिलं असतं तर तिथेच संपलं असतं."

मी विचारलं, आणि नंतरची?

"तिघांचं रांधायची सवय आहे. एक वर गेला, एक आत गेला. हात लहान होत नाही."

चौदा भांडी. वहीचं पहिलं पान उलटून पाहिलं. तिथे मी विनोद केला आहे.

निघताना ती दाराशी थांबली. म्हणाली, कोल्बीला दर शनिवारी भेटते. तो एकच वाक्य बोलतो, "मी त्याला सांगितलं होतं." काय सांगितलं होतं ते म्हणत नाही. "तू सांग, वर्लिन. काय सांगितलं होतं त्याने तुला?"

मी म्हटलं, "आठवत नाही मावशी."

ती गेली. ओनाइडा पाठमोरी उभी राहून भांडी धुवायला लागली, आणि भांडी धुतलेलीच होती.

मंगळवार, ६ मार्च

पाच दिवस लिहिलं नाही. आता सरळ लिहितो, विशेषणं न लावता.

त्या दिवशी सकाळी ऑफिसातल्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: नेपिअर, मूठमाती, दोन वाजता, पुढे चालायला व्हर्जिलची गाडी. मी ते वाचलं होतं. अडीचला मला एक गाडी दिसली. आकाश निरभ्र होतं आणि तिचे दिवे लागलेले होते. दोन्ही. मी ते पाहिले. पेट्रोल भरायला थांबून यात्रेच्या मागे पडलेला कोणीतरी आहे, हे या डोंगरात जन्मलेल्या कोणालाही एका क्षणात कळलं असतं. मलाही कळलं असावं. पण गाडी वेगात होती आणि मी आधीच निघालो होतो, आणि एकदा निघाल्यावर थांबायचं मला शिकवलेलं नाही.

लायसन्स पाहून मी म्हटलं, नेपिअर, घाई कसली? तुमच्या घरच्यांना कुठेही न्यायचं तर आम्हालाच न्यावं लागतं. ही माझी नेहमीची कोटी आहे. खुद्द नेपिअरही तिला हसतात.

तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या भावाला पुरतायत. लॉनीला. मला जाऊ द्या, हवं तर मागाहून या."

मी म्हटलं, "मग तो थांबेल. त्याला आता कसली घाई?"

आणि मी माझ्या गाडीत जाऊन बसलो आणि पावती लिहिली. अकरा मिनिटं लागली. रिपोर्टात वेळा आहेत, कोणीही वजाबाकी करू शकतं. एरवी मला चार लागतात. त्या अकरा मिनिटांत मी मनातल्या मनात तोच विनोद संध्याकाळी ऑफिसात कसा सांगायचा ते जुळवत होतो. परत गेलो तेव्हा तो रडत होता. ते मी पाहिलं. आणि पिस्तूल पाहिलं नाही.

यामुळे त्याने केलं ते बरोबर ठरत नाही. अकरा मिनिटांसाठी कोणाला मारायचं नसतं. तसं असतं तर सगळी सरकारी खाती ओस पडली असती. बघा, पुन्हा तेच. माझा हात आपोआप तिकडे वळतो.

ब्रदर एस्टिलना मी म्हणालो होतो, क्षमा केली. ज्याला स्वतःला मागायची असते त्याला द्यायची किती घाई असते.

मंगळवार, २० मार्च

ओनाइडाला वही वाचायला दिली. ती सहा तारखेच्या पानावर थांबली. म्हणाली, दिव्यांचं तिला पुलाजवळच कळलं होतं. विनोदाचं नव्हतं. मग ती अंगणात जाऊन बराच वेळ कपडे वाळत घालत राहिली. परत आल्यावर माझ्याशी दिवसभर नीट बोलली, आणि तेच वाईट होतं.

मग मी शेरिफकडे गेलो. साहेब माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मीच त्यांना पिस्तूल धरायला शिकवलं. सगळं ऐकून त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, "वर्लिन, तुम्ही हे कोणाला सांगितलंत?" मी म्हटलं, तुम्हाला. ते म्हणाले, मग इथेच राहू दे. रिपोर्टात खोटं काही नाही. दिवे पाहिले का, असं तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. प्रेतयात्रेतली गाडी अडवणारा डेप्युटी म्हणून नाव निघालं की या डोंगरात एकही माणूस आमच्या कोणासाठी गाडी कडेला घेणार नाही. बाकीच्या पोरांचा विचार करा.

पोरांचा विचार मी खरंच केला. त्यातली दोन अजून चापावर बोट ठेवतात.

बाहेर आलो तर व्हर्जिल पायऱ्यांवर उभा होता. त्याने नुसतं विचारलं, बारा तारखेला काय बोलणार? मी म्हटलं, अजून लिहितोय. तो म्हणाला, लहान ठेव. पूर्वी व्हर्जिल माझ्याकडे पाहून बोलायचा. आज तो माझ्या काठीकडे पाहून बोलला.

बुधवार, ११ एप्रिल

फाटकाजवळच्या पत्रपेटीत कोणीतरी एक कागद टाकून गेलं आहे. त्यावर फक्त उद्याची तारीख. अक्षर नेपिअरांचं नव्हे. आमच्या ऑफिसच्या फळ्यावर ते मी अकरा वर्षं पाहतो आहे.

गुरुवार, १२ एप्रिल

बोललो.

सरकारी वकिलांनी सांगितल्याप्रमाणे काठी टेकत पुढे गेलो, आणि निम्मं काम झालं होतं ते दहा मिनिटांत बिघडवलं. फळा, दिवे, अकरा मिनिटं. कोर्टात मागच्या तीन बाकांवर आमची खाकी होती, डावीकडे नेपिअर. विनोदाच्या जागी आलो तेव्हा थांबून काठी दुसऱ्या हातात घेतली. जज्जसाहेब म्हणाले, ते वाक्य वगळलंत तरी चालेल. मी म्हटलं, नाही साहेब, तेच तर सांगायला आलो आहे. आणि म्हणून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विनोदाला कोणी हसलं नाही याचं मला बरं वाटलं.

कोल्बीने तोवर मान वर केली नव्हती. त्या वाक्याला केली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग असता तर ओळखला असता, तो माझ्या धंद्यातला आहे.

वकिलांना वीस हवी होती, जज्जांनी बारा दिली. बाहेर पडताना खाकी बाकांनी मला वाट दिली. जरा जास्तच रुंद दिली. शेरिफसाहेब म्हणाले, सोमवारी बिल्ला आणून द्या. ओनाइडाने गाडी चालवली. अर्ध्या वाटेत तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घाट आला तरी काढला नाही, एका हाताने वळणं घेतली. मी गस्तीवर असतो तर पावती फाडली असती.

गुरुवार, २६ एप्रिल

मागच्या गुरुवारी कोणी आलं नाही. आज डेल्फी मावशी आली, रिकाम्या हाताने, आणि टेबलाशी बसली. आज कॉफी आम्ही दिली.

कोल्बीला पुढच्या आठवड्यात मोठ्या तुरुंगात हलवतायत. त्याने निरोप दिला आहे. मावशीने तो पाठ करून आणला होता, शाळेतल्या मुलीसारखा म्हणून दाखवला: "स्टँपरला सांग, गाडीचा एकच दिवा चालू होता. दुसरा महिनाभर बंद होता. ऊन होतं. त्याला दिसला नसेल."

दोन्ही दिवे चालू होते. मी पाहिले होते आणि भर कोर्टात तसं शपथेवर सांगितलं होतं. तो तिथेच बसून ऐकत होता.

मावशीने कपात बघत सांगितलं, "ती गाडी आता माझ्याकडे आहे. दिव्यांचं मला विचारू नकोस."

कोणी माझ्यासाठी खोटं बोललं तर ते मला लगेच कळतं. त्यावरच इतकी वर्षं पोट भरलं. पण ते पकडून ठेवायचं असतं की जाऊ द्यायचं, हे मला आज कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, त्याला सांगा, निरोप मिळाला.

उठताना ती म्हणाली, मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आमच्याकडे थडगी साफ करायची असतात, टेकडीवर. ये. हार्गिसला आवडणार नाही, पण त्याला तसं काहीच आवडत नाही.

रविवार, २७ मे

टेकडी उभी आहे. दर वीस पावलांवर थांबत गेलो. वर पोचलो तेव्हा चाळीसेक नेपिअर कामाला लागले होते. बायका टेबलांवर जेवण मांडत होत्या, पुरुष गवत काढत होते, ब्रदर एस्टिल भजनाची एक ओळ म्हणत आणि बाकीचे ती ओढून लांबवत. मला पाहून गाणं थांबलं नाही, पण बारीक झालं. एका तरुणाने हातातला विळा खाली ठेवला. ठेवला की तयार केला, मला सांगता आलं नसतं. कमरेला पिस्तूल नाही हे मला तेव्हा फार जाणवलं.

हार्गिस समोर आला. माझ्याकडे, मग काठीकडे, मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"बघायला आलायस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं नाही. त्याने एक खुरपं माझ्या हातात दिलं आणि हनुवटीने जागा दाखवली. लॉनीचं थडगं. मातीचा उंचवटा अजून पुरता बसला नव्हता.

ओनाइडा टेबलाकडे गेली होती. मी काठी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर बसलो. बसणं जमलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवत काढलं, मुळांसकट, कारण मुळं राहिली तर आठवड्यात परत येतं. या माणसाला मी दोनदा पकडलं होतं. गायचा चांगला, एवढंच आठवलं. त्याच्याशी काहीतरी बोलावं असं वाटलं, पण काही सुचलं नाही. मला सुचलं नाही असं क्वचित होतं.

मग उठायची वेळ आली आणि खुब्याने साफ नकार दिला. काठी हातापासून दोन फुटांवर होती. ओनाइडाने लांबून पाहिलं आणि ती आली नाही. ती केव्हा मुद्दाम येत नाही हे मी आता ओळखायला लागलो आहे. चाळीस माणसं पाहत होती. हाक मारावी असा माझा तिथे कोणी नव्हता. गाण्याचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मी थडग्याशी तसाच गुडघ्यांवर, मागून कोण येतंय ते मला दिसत नव्हतं. पाठीमागे गवतात पावलं वाजली तेव्हा मान वळवायची नाही असं ठरवलं.

दोन्ही काखांखाली हात आले आणि मला पोत्यासारखं उभं केलं. तंबाखूचा वास आला. हार्गिसने काठी उचलून दिली, कपडे झटकायला थांबला नाही, थडग्यावरून एकदा नजर फिरवली. सुटलेलं एक पातं दिसलं, ते वाकून उपटलं.

"पलीकडची रांग राहिलीय," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

पलीकडच्या रांगेत जाऊन मी पुन्हा गुडघ्यांवर बसलो.